संशय घ्या, पण मोठ्यानं घ्या

हमीदभाई, तुम्ही फोनवर "आप्पा, बोलायचंय, या एकदा दौंडला" असं म्हणालात, तेव्हाच मला शंका आली होती. सहज बोलावणारा माणूस "चहाला या" म्हणतो. "बोलायचंय" म्हणजे काहीतरी गळ्यात मारायचं असणार. मी म्हणालो, कांदा काढणीला आलाय, बघू. कांदा काढणीला आला नव्हता आणि तुम्हालाही ते ठाऊक होतं, कारण निमोण्यातल्या माझ्या वावरात कधी काय निघतं ते माझ्या पोरांपेक्षा तुम्हालाच जास्त माहीत असायचं. तुम्ही हसलात आणि "बरं, ईदला तरी या" म्हणून फोन ठेवलात. पुढचा फोन तुमच्या जावयाचा आला.

शिरूरच्या कब्रस्तानात मी डोक्याला रुमाल बांधून उभा होतो आणि रडायचं सोडून आलेल्या लोकांची तोंडं निरखत होतो. कंपनीचे साहेब आले होते. सोबत भलामोठा झेंडूचा हार. तो कुठं घालायचा, घालतात की नाही, कुणालाच सांगता येईना. शेवटी ड्रायव्हरनं तो फाटकाला अडकवला. मला वाटलं, एवढा मोठा हार कशासाठी? ज्याच्याशी सरळ वागलो त्याच्यासाठी माणूस एवढा खर्च करत नाही. मग वाटलं, की तुम्हीच साहेबांच्या खास मर्जीतले होतात, म्हणून हा हार? तुम्हाला माती देताना, मूठ उघडताना, माझ्या डोक्यात तोच जुना प्रश्न होता. मंदाचं नाव साहेबांना तुम्ही सांगितलंत की नाही?

वाईट वाटलं मला माझं. पण प्रश्न गेला नाही.

आपण दोघं कोरेगाव भीमाच्या त्या कारखान्यात बरोबरच लागलो. ट्रॅक्टर-टेम्पोच्या पोटात वायरींचा जुडगा असतो ना, तो बांधायचं काम. तुम्ही पुढं सुपरवायझर झालात. मी लाईनच्या शेवटच्या टेबलावर माल तपासत राहिलो. सकाळी शिरूरच्या स्टँडजवळून कंपनीची बस. खिडकी कायम तुमची, कारण तंबाखू तुमची. शिक्रापूर येईपर्यंत आपलं एक भांडण होऊन जायचं आणि कारखान्याचं फाटक दिसलं की मिटायचं. तसलं भांडायला मला नंतर कुणी मिळालं नाही.

पुढं दिवस बदलले. आधी एकच ऑर्डर महिनोन् महिने चालायची. आपण ढीग लावून ठेवायचो. मग गिऱ्हाईक दर आठवड्याला डिझाईन बदलायला लागलं आणि आपला ढीग भंगारात जायला लागला. तेव्हा साहेबांनी पुण्याहून त्या बाईंना आणलं. काय ते ॲजाइल कल्चर म्हणाल्या त्या. कंपनी कशी पटकन वळली पाहिजे, माल थोडा थोडा केला पाहिजे, अडचण दिसली की तिथल्या तिथं बोलली पाहिजे. चपळ व्हा, असं त्यांचं म्हणणं. मी बसमध्ये तुम्हाला म्हणालो, "हमीदभाई, मांजर पण चपळ असतं. ते कुणाच्या फायद्याचं असतं, उंदराच्या का?" तुम्ही एवढे हसलात की तंबाखू शर्टावर सांडली. तरी दुसऱ्याच दिवशी बाईंनी विचारलं, हे काम कोण बघणार, तेव्हा हात वर केलात. तुमच्याकडं संशयानं बघायला मी तिथून सुरुवात केली.

बाईंनी आधी कागद वाटले. तुम्ही मोकळेपणानं बोलता का, चूक सांगायला भीती वाटते का, एक ते पाच गुण द्या. सगळ्यांनी पाचला गोल केला. कंत्राटी पोरींनी केला, परमनंटवाल्यांनी केला, मीही केला. कागद कुणाचा ते ओळखतात, एवढं मला कळत होतं. बाई खूश झाल्या. साहेब त्यांच्यापेक्षा खूश. तुम्ही मात्र जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यात भाकरी बुडवत म्हणालात, "आप्पा, पाचापैकी पाच! म्हंजी समदे लई घाबरल्यात."

"मग बाईंना सांगा की."

"सांगितलं. त्या म्हनल्या, मग मोजायचं कसं? म्या म्हनलं, अडचन मानसाला ठावं झाली कवा आन् त्याच्या तोंडातनं भायेर पडली कवा, येवढं बघा. मदी जेवढा येळ गेला तेवढी भीती हाय."

मला तुमचं म्हणणं पटलं होतं. पटलं म्हणूनच जास्त शंका आली. एवढं डोकं लावून हा माणूस कुणासाठी काम करतोय?

मग तुम्ही सकाळचा गोल सुरू केलात. काम सुरू व्हायच्या आधी लाईनवरच्या सगळ्यांनी फळ्याभोवती उभं राहायचं. बसायचं नाही, बसलं की गप्पा होतात. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, आणि काय अडतंय. अडणाऱ्या गोष्टीचं लाल कार्ड फळ्याला लावायचं. ते कुणी लावलं हे गोलाबाहेर जाणार नाही. आणि अडचण सुटेपर्यंत कार्ड कुणी काढायचं नाही. नियम तुमचे. बाईंनी फक्त फळा दिला.

गोलात वयानं मोठा मी. आपल्याकडं रीतच आहे, चावडीवर असो की लग्नाच्या बैठकीत, आधी म्हातारं माणूस बोलतं आणि मग बाकीचे माना हलवतात. तुम्ही म्हणालात, "आप्पा, सुरू करा." मी म्हणालो, काही अडत नाही. माझ्यामागून सगळी लाईन ओळीनं म्हणाली, काही अडत नाही. असे कितीतरी दिवस गेले. आणि त्या दिवसांत वायरीला टर्मिनल दाबून बसवणारं मशीन ढिलं झालेलं होतं, हे लाईनवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. मी बोललो असतो तर मशीनवरच्या कंत्राटी पोरीच्या नावानं बिल फाटलं असतं, म्हणून मी माझ्या टेबलावर ढिला माल गुपचूप बाजूला काढत होतो. ती पोरगी बोलत नव्हती, कारण आप्पा "काही अडत नाही" म्हणाले होते. आप्पाला खोटं कसं पाडायचं?

तुमच्या ते लक्षात आलं. कसं, ते तुम्ही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी तुम्ही म्हणालात, "आजपासनं बारकी मान्सं आधी. थोरली शेवटाला." सगळ्यांसमोर. माझी नोकरी त्या गोलातल्या निम्म्या पोरींच्या वयाएवढी, आणि मी शेवटाला! मी तोंड फिरवून उभा राहिलो. बसमध्ये तुम्हाला सरळ विचारलं, "म्हाताऱ्यांना काढायचा डाव आहे का कंपनीचा? आधी बोलायचं बंद, मग यायचं बंद?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आप्पा, संशय घेऊ नगा असं म्या म्हनत न्हाई. घ्या. पर मोठ्यानं घ्या. मनात ठिवलेला संशय कुनाच्याच कामाचा न्हाई."

"आणि मोठ्यानं घेतलेला?"

"त्यावर भांडता येतंय की."

कोरेगावचीच मंदा लाईनवर सगळ्यात लहान होती. तिनंच मग मशीनचं सांगितलं. कार्ड लागलं, दुपारपर्यंत मशीन दुरुस्त झालं आणि कुणाचंच बिल फाटलं नाही. मी हे सगळं बघितलं आणि मान्य केलं नाही. पण पोरी बोलायला लागल्या. कुणी म्हणे वायरी उशिरा येतात, कुणी म्हणे बायकांच्या मोरीत पाणी नसतं म्हणून आम्ही दिवसभर पाणीच पीत नाही. फळा लाल झाला. साहेबांना वाटलं आपल्या कारखान्यात एकदम अडचणी वाढल्या. तुम्ही त्यांना सांगत होतात, वाढल्या नाहीत, दिसायला लागल्या. त्या काळात माल भंगारात जायचा कमी झाला हे मीच माझ्या टेबलावर बघत होतो. तेही मी कधी तुम्हाला बोललो नाही. आता बोलतोय. ऐकू येत असेल तर ऐका, नसेल तर माझं नशीब.

मग ती सकाळ. बाई पुन्हा तपासणीला येणार होत्या. मंदा गोलात म्हणाली, "पावनं येनार म्हनलं की साहेब दुपारी समदी लाल कार्डं काढाया लावत्यात. मंग आमी लावायची कशाला? मला हेच अडतंय." साहेब तिथं नव्हते. होतो फक्त मी, लाईन, आणि तुम्ही. आणि बाई येऊन जायच्या आत मंदाचं कंत्राट संपलं. ठेकेदारानं फाटकावरच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

बसमध्ये मी तुमच्या शेजारी बसलो नाही. उभ्यानं, सगळ्यांदेखत विचारलं, "साहेबांना कुणी सांगितलं?"

"म्या न्हाई," तुम्ही म्हणालात.

"मग कोण?"

तुम्ही गप्प. हमीदभाई, तुम्ही! ज्या माणसाच्या तोंडाला शिरूर ते कोरेगाव कधी टाळा लागला नाही, तो त्या दिवशी गप्प. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. गप्प बसलात आणि माझी खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बाई आणि साहेब समोर असताना तुम्ही गोलात स्वतः कार्ड लावलंत. मंदाला का काढलं, एवढंच त्यावर. साहेबांचा चेहरा उतरला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. कारखान्याला गुण कमी पडले असं पुढं ऐकलं. सगळी लाईन तुमच्यावर फिदा झाली. मी विचार करत होतो, हे आधी ठरवून तर केलं नाही? आग लावणाराच बादली घेऊन धावला की कुणी विचारत नाही.

मंदा काही परत आली नाही. आणि थोड्याच दिवसांत तुमची बदली झाली, दौंडजवळच्या नव्या शाखेत, इन्चार्ज म्हणून. घरापासून लांब, पण पगार जास्त, खुर्ची मोठी. बढती की हकालपट्टी? मी कितीदा दोन्ही बाजूंनी ते तपासलं, जसं टेबलावर माल तपासायचो तसं. कधी वाटायचं, साहेबांनी बक्षीस दिलं. कधी वाटायचं, काटा काढला. निरोपाच्या चहाला मी गेलो, चहा घेतला, तुमच्याशी बोललो नाही.

पण ईदला तुमचा डबा निमोण्याला येत राहिला. शिरखुर्म्याचा. मी आधी झाकण उघडून वास घ्यायचो, मग बायको म्हणायची, "अवो, इख घातलंय का त्यांनी त्यात?" माणसावर संशय असला तरी त्याचा डबा रिकामा परत पाठवता येत नाही. कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी गवार, एकदा नुसतीच शेवंतीची फुलं भरून पाठवली, कारण वावरात दुसरं काही नव्हतं. फुलांवर तुमच्या घरात काय चर्चा झाली असेल देव जाणे. आपलं बोलणं इतकी वर्षं त्या एका डब्यातून चाललं होतं, हे मला आता कळतंय. डबा आत्ताही आमच्याकडंच आहे. फळीवर आहे. त्यात काय भरून पाठवू?

तुम्हाला माती देऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आप्पा, दौंडला काही दिवस तुम्ही बघा. हमीदनंच तुमचं नाव सांगून ठेवलं होतं." मी विचारलं, कधी? म्हणाले, महिना झाला. मी विचारलं, का? ते म्हणाले, "मीही त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, जिथं सगळे हो म्हणायला लागले तिथं आप्पाला न्या." मी नको म्हणालो नाही, कारण मला आत काय चाललंय ते बघायचं होतं. दौंडला काहीतरी लपलंय अशी माझी पक्की समजूत झाली होती.

सोमवारी चौफुल्याला एसटी बदलून गेलो. तिथंही फळा, तिथंही गोल. बारक्यांनी आधी सुरुवात केली. काही अडत नाही. काही अडत नाही. काही अडत नाही. एकजण डोळे वर करून बघेल तर शपथ. साहेबांनी पाठवलेला म्हातारा, आणखी काय! माझ्याकडं ते ज्या नजरेनं बघत होते ती नजर मला चांगली ओळखीची होती. मी ती तुमच्यावर इतकी वर्षं रोखली होती. माझी पाळी आली. मीही म्हणालो, काही अडत नाही.

आणि गोलातून एक बाई मला बघत होती. कपाळावर मोठं कुंकू, अंगानं भरलेली. गोल मोडताना तिचा आवाज ऐकला तेव्हा ओळखलं. मंदा.

चहाच्या वेळी मी तिला गाठलं. तू इथं कशी? तिनं सांगितलं, लग्न होऊन केडगावला आले, तिथून सकाळची गाडी धरून येते, हमीदचाचांनीच कामावर घेतलं. माझं डोकं लगेच चालायला लागलं. तोंड बंद ठेवायची किंमत दिसते ही. मी तसं म्हणालोही, मोठ्यानं. तुमचंच शिकलेलं.

मंदा चिडली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "आप्पा, चाचांनी कुनाला काय सांगितलं न्हाई. म्याच गेले व्हते सायबाच्या केबिनमदी. गोलात बोलले, मंग वाटलं, ज्याचं हाय त्याच्या म्होरं बोलावं. लई भांडले. त्यानं काढलं."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी? मी सगळ्यांसमोर विचारलं होतं!"

"म्या शपथ घातली व्हती. तवा हितली सोयरीक जुळत व्हती. पोरगी सायबाशी भांडली म्हनून काढली, असं केडगावात कळलं असतं तर मोडली असती. म्या पाया पडले चाचांच्या. ते म्हनले, बरं, आप्पा माझ्याशी भांडत्याल, भांडू दे, त्यांना सवय हाय." मग म्हणाली, "मागल्या म्हयन्यात चाचांनी इचारलं, मंदे, आता तुझं पोरगं साळंत जातंय, आता सांगू का आप्पास्नी? म्या व्हय म्हनलं. ते म्हनले, फोन करून बोलावतो."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तुमची बाजू राखायला खोटं बोलते का, हे बघत होतो. आयुष्यभर ढिला माल बोटानं ओढून पाहिलाय मी, घट्ट असला की कळतं.

हमीदभाई, मी माफी मागणार नाही. तुमच्यावर माझा राग आहे. एक परकी पोरगी, तिचं लग्न, तिची शपथ, सगळं सांभाळलंत, आणि मला मात्र वाऱ्यावर सोडलंत. एक शब्द बोलला असतात, "आप्पा, आत्ता विचारू नका, एक दिवस सांगेन" एवढंच, तर मी थांबलो असतो. थांबलो असतो का? नसतो. तुम्ही मला ओळखत होतात. पण मग बदली होईपर्यंत रोज तुम्ही बसमधली खिडकी माझ्यासाठी सोडून द्यायची आणि माझ्या शिव्या खात कोरेगावपर्यंत जायचं, हा कुठला मोठेपणा? तुमच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी बोललो असतो. म्हणूनच कदाचित तिनं शपथ मला घातली नसती.

आणि तरीसुद्धा, तुम्ही होतात म्हणून बरं झालं. त्या पोरीचं घर उभं राहिलं. त्या मोरीत पाणी आलं. मी बोलायला शिकलो, उशिरा का होईना. एवढं तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोल. बारक्यांनी सुरुवात केली. काही अडत नाही, काही अडत नाही. गोल फिरत फिरत माझ्यापाशी आला. मी काल काय केलं ते सांगितलं, आज काय करणार ते सांगितलं आणि म्हणालो, "काही अडत नाही."

"आप्पा," मंदा म्हणाली, "खोटं बोलू नगा. गोल हाय."

मग मी बोललो. म्हणालो, मला तुमच्यापैकी कुणावर विश्वास नाही, आणि तुमचा माझ्यावर नाही, हे अडतंय. म्हणालो, कारखान्यात माझा एकच माणूस होता ज्याच्याशी भांडता यायचं, तो गेला आणि भांडण माझ्याकडंच राहिलं, हे अडतंय. समोरच्या पोरीनं पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाली, "आमचं पन त्येच अडतंय, आप्पा."

मंदानं लाल कार्ड घेतलं. त्यावर "हमीदचाचा न्हाईत" एवढंच लिहिलं आणि फळ्याला लावलं. अडचण सुटेपर्यंत कार्ड कुणी काढायचं नाही, हा नियम तुमचाच. बुधवारी पाहुणे येणार आहेत म्हणून साहेबांनी फळा साफ करायला सांगितलंय. मी नाही म्हणालो.